कलिंगडाच्या दोन फोडी

त्या संध्याकाळी राजमतीला आठवायला कामावरची एकही चूक सापडली नाही.

दिवस मावळायच्या आत जेवण, मग देवघरासमोर मांडी घालून डोळे मिटायचे. दिवसभरात आपल्यामुळे कुणाला काय दुखलं-खुपलं ते एकेक आठवायचं, ज्याचं त्याचं नाव घेऊन मनात क्षमा मागायची. आईनं लावून दिलेला प्रतिक्रमणाचा हा नियम तिनं बाळंतपणातही मोडला नव्हता. आज घरातलं आठवलं. सुनेला चटणीवरून उगीच टोकलं होतं, दूधवाल्याला दारात ताटकळत ठेवलं होतं. कामावरचं मात्र काहीच नाही. कालही नव्हतं. ती मागे मागे जात राहिली आणि तिच्या लक्षात आलं, दोन वर्षांत केंद्रातली एकही चूक तिनं भगवंतासमोर ठेवलेली नाही.

एवढी कशी शुद्ध झाले मी? तिला आनंद व्हायला हवा होता. ती घाबरली.

राजमती अकिवाटे जयसिंगपुरातल्या एका डायलिसिस केंद्रात मुख्य तंत्रज्ञ होती. हाताखालच्या मुलींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला अक्का म्हणत. "अक्का चिडल्या की आवाज खाली जातो," मुली नवीन मुलीला सांगायच्या, "ऐकूच येईनासा झाला की समजायचं, आज आपलं काही खरं नाही."

काम जोखमीचं. मूत्रपिंडं थकली की अंगात पाणी साठत जातं. आठवड्यातून दोनतीनदा पेशंट यायचा, यंत्र त्याचं रक्त धुऊन द्यायचं आणि साठलेलं पाणी काढून घ्यायचं. पाणी किती काढायचं ते वजनावर ठरायचं. कमी काढलं तर माणसाला धाप लागते. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, आणि कधीकधी माणूसच हातचा जातो.

म्हणून केंद्रात प्रशिक्षण सतत चालायचं. पूर्वी ते नावापुरतं होतं. पडद्यावर चित्रं, मागच्या रांगेत डुलक्या, शेवटी समोसा. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून निखिल देवस्थळी नावाचा प्रशिक्षक आला आणि सोबत पुनर्घडण सत्र घेऊन आला.

त्याचं शास्त्र त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण ती काढतो तेव्हा ती काही तास मऊ होते, आणि मेंदू ती पुन्हा नव्यानं घट्ट करून ठेवतो. त्या मऊ वेळात कानामागे एक पट्टी लावायची. तिथल्या त्वचेखालून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला ती हलके ठोके देते, आणि मेंदूला वाटतं, आत्ता घडतंय ते फार महत्त्वाचं आहे, जपून ठेव. तेव्हा आधी आपली चूक बारीकसारीक तपशिलासकट आठवायची, आणि लगेच समोरच्या नकली यंत्रावर तेच काम बिनचूक करायचं. पुन्हा पुन्हा. आठवण थिजते तेव्हा चुकीच्या जागी बरोबर कृती बसलेली असते.

राजमतीच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. तिनं ते आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. ढेप फोडून कढईत घातली, पातळ झाली, नव्या साच्यात ओतली. गूळ तोच, ढेप नवी. आधीच्या ढेपेचा आकार काय होता, हे त्या गुळाला विचारून कळत नाही.

"सत्राचा पुरेपूर फायदा घ्यायचा असेल तर तीन गोष्टी," निखिल प्रत्येक वेळी सांगायचा. "चूक ताजी असताना या. काही लपवू नका, इथे कुणी रागावत नाही. आणि बाहेर पडल्यावर त्या विषयावर कुणाशी बोलू नका, घडी मोडते."

फायदा झालाही. तीच चूक पुन्हा कुणाच्या हातून झाली नाही. मुली रात्री झोपू लागल्या. काही बिघडलं की "सत्रात घेऊ" हा केंद्राचा परवलीचा शब्द झाला. अक्काही दर तिमाहीला पट्टी लावून बसत होती.

उन्हाळा ऐन भरात असताना जालिंदर वाघमोडे गेले.

इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून माग दुरुस्त करत आयुष्य काढलेला माणूस. पाय गेल्यापासून चाकाच्या खुर्चीतून यायचे. सोबत बायको रत्नमाला, तिच्या पिशवीत नवऱ्याचा टॉवेल आणि मोजून भरलेली पाण्याची छोटी बाटली. त्या दिवशी यंत्र चालू असताना त्यांचा रक्तदाब एकाएकी पडला. सांगलीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी संपले. हृदय आधीच कमजोर होतं, असं तिथं सांगण्यात आलं.

बातमी आली तशी ऋतुजा कोळेकर अक्काला हाताला धरून पाण्याच्या प्लांटच्या खोलीत घेऊन गेली. ऋतुजा केंद्रातली सगळ्यात तरबेज मुलगी, सुई लावताना पेशंटला कळायचंही नाही. खोलीत पंप घरघरत होता.

"अक्का, खुर्ची."

"कुठली खुर्ची?"

"काकांची. नवी होती. पोरानं पुण्याहून पाठवलेली, बॅटरीची. मी जुनीचंच वजन वजा केलं."

राजमतीनं पंपावर हात टेकला. जालिंदर उभे राहू शकत नसत, म्हणून खुर्चीसकट काट्यावर घ्यायचं आणि खुर्चीचं वजन वजा करायचं. जुन्या खुर्चीचा आकडा ऋतुजाच्या तोंडात बसला होता. नवी जवळजवळ तीन किलोंनी जड होती. ते लोखंड यंत्रानं पाणी समजून माणसाच्या अंगातून काढलं होतं.

"आकडा मोठा आलेला दिसला नाही तुला?"

"दिसला की. म्हणून तर विचारलं, काका, आज लई पाणी साठलंय. तर काकू म्हणाल्या, रात्री कलिंगडाच्या दोन फोडी दिल्या, हट्टच धरला होता. मला वाटलं, मग बरोबर आहे." ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली. "मला वाटलं बरोबर आहे अक्का."

राजमती तिच्याजवळ बसली. बराच वेळ तिचं डोकं खांद्यावर घेऊन बसली.

"उद्या सकाळी दोघी जाऊ रत्नमालाबाईंकडे. सांगून येऊ."

"मारतील मला."

"मारू देत. मी शेजारी असेन."

ऋतुजानं होकाराची मान हलवली.

संध्याकाळी निखिलनं अक्काला बोलावून घेतलं. ऋतुजानं नियमाप्रमाणे त्यालाही सांगितलं होतं. "सकाळी आठला बसवतोय तिला."

"आधी सांगून येऊ दे त्या बाईंना. मग बसव."

"अक्का, सांगून आल्यावर त्या आठवणीला रडणं चिकटेल, शिव्या चिकटतील, उद्या पोलीसही येतील. मग सत्र लागू पडत नाही."

"मग नको पडू दे."

निखिल वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची पुढे ओढली. "दुपारच्या पाळीत तिच्याकडे सहा पेशंट आहेत. तिचे हात बघितलेत तुम्ही? त्या हातांनी ती कुणाच्या तरी शिरेत सुई घालणार आहे. गेलेला माणूस परत येणार नाही. हे सहा तर आहेत ना अजून?"

त्यातलं काही खोटं नव्हतं.

सकाळी देवदर्शन करून ती ठरल्या जागी, ऋतुजाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. ऋतुजा आली नाही. केंद्रात पोचली तर ती जेवणाच्या टेबलाशी पोहे खात बसली होती. कानामागे पट्टीचा लालसर वळ.

"या की अक्का, पोहे घ्या. आज कांदा नाही घातलेला, तुमच्यासाठी."

"रत्नमालाबाईंकडे जायचं होतं ना आपल्याला?"

"जाऊ की. भेटायला जायलाच पाहिजे. चांगले होते हो काका."

राजमतीनं हळूच विचारलं, "खुर्चीचं काय झालं होतं ग?"

"नवी खुर्ची ना? हिरव्या सीटची. बघितली की मी. आधी नुसती खुर्ची काट्यावर घेतली, मग काकांना बसवून. तुम्हीच लावलीय की सवय." ती हसली. डोळे स्वच्छ, हात स्थिर. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं.

हीच ती संध्याकाळ. राजमती देवघरासमोर बसली तेव्हा ऋतुजाला विसरून स्वतःलाच चाचपत राहिली. दोन वर्षांत किती सत्रं, किती पट्ट्या. प्रत्येक पट्टीआधी आपण काहीतरी सांगितलं असणारच. कुणाचं? काय? जिथं जाऊन पाहावं तिथं तिचे हात बरोबरच काम करताना दिसत होते. ज्यांची क्षमा मागायची होती ती माणसं कुठे या गावात हिंडत असतील, किंवा नसतीलही. त्यांची नावंसुद्धा तिच्याकडे उरली नव्हती.

तरी ती रत्नमालाबाईंकडे लगेच गेली नाही. सुतकात कशाला, तेरावं होऊ दे, असं तिनं स्वतःला समजावलं. तेराव्यानंतर रत्नमालाबाईच आल्या. ती हिरव्या सीटची खुर्ची ढकलत.

"हिथं कुणाला तरी कामाला येईल," त्या म्हणाल्या. "घरात बघवत न्हाई."

ऋतुजानं धावत जाऊन खुर्ची हातातून घेतली, त्यांना बाकावर बसवलं, चहा आणला. रत्नमालाबाईंचे ओठ फुटले होते. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"घ्या की काकू, दोन घोट."

"नको ग बाई. पानी बी जात न्हाई घशाखाली. त्यास्नी घोट घोट मोजून दिला म्या, अन् शेवटाला कलिंगड दिलं. म्याच मारलं त्यास्नी. पोरगं बोलत न्हाई माझ्याशी. म्हणतंय, आई, डाक्टर सांगून सांगून थकलं, तुला जीभ आवरंना का त्यांची."

राजमती काउंटरच्या आत उभी होती. ती बाहेर आली नाही.

ऋतुजानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. अगदी मायेनं. "असं नका म्हणू काकू. पाणी जास्त झालं की हृदयावर ताण येतोच. पण तुम्ही मुद्दाम नाही केलंत. चूक माणसाच्याच हातून होते. स्वतःला माफ करा आता."

रत्नमालाबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्या मान हलवत होत्या, होय होय म्हणत होत्या.

राजमतीला ढेप आठवली. साचा बदलला, आकार गेला, असंच तिला वाटत होतं. गेला नव्हता. तो या बाईच्या ओटीत येऊन पडला होता.

दुपारी तिच्या फोनवर निखिलचा निरोप आला. अक्का, तुमचं तिमाही सत्र उद्या सकाळी. विभागप्रमुख म्हणून ताजी घटना वाघमोडे घेऊ.

उद्या पट्टी लागली की ऋतुजानं पाण्याच्या खोलीत काय सांगितलं, ते ठाऊक असलेलं या जगात कुणी उरणार नव्हतं. निखिलनं याच घटनेवर स्वतःलाही आठवड्यापूर्वीच बसवून घेतलं होतं. तो सगळ्यात आधी स्वतःचे नियम पाळणारा माणूस होता.

रोज सकाळी राजमती एखादा लहानसा नियम घ्यायची. आज मीठ नाही, आज गोड नाही. त्या दिवशी घेतलेला तिला आठवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आज कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा तो होता. न बोलण्याचे नियम तिला नेहमीच सोपे जात.

पाळी संपल्यावर ती न जेवताच निघाली. वाघमोड्यांचं घर इचलकरंजीच्या एका यंत्रमागांच्या वस्तीत होतं. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता, आणि रत्नमालाबाईंच्या दोन खोल्यांत मात्र पंखाही बंद होता.

"या की बाई. एवढ्या लांब?" त्यांनी चटई टाकली, तांब्याभांडं आणून समोर ठेवलं. आल्यागेल्याला पाणी देण्याची सवय दुःखातही सुटली नव्हती.

राजमतीनं भांड्याला हात लावला नाही. बाहेर दिवस बुडाला होता. ती एकदम बोलायला लागली, कारण थांबली असती तर पुन्हा गप्प बसली असती.

"तुमच्या कलिंगडानं काही झालं नाही, रत्नमालाबाई. दोन फोडींनी माणूस जात नाही. आम्ही खुर्ची चुकीची मोजली. खुर्चीचं वजन पाणी समजून त्यांच्या अंगातून काढलं. चूक आमची आहे. त्या दिवशी आकडा मोठा आला तो तुमच्यामुळे नाही."

रत्नमालाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्यांदा सांगा."

राजमतीनं पुन्हा सांगितलं. खुर्ची, काटा, वजाबाकी. सोप्यात सोपं करून.

"म्हंजे कलिंगड..."

"नाही."

"त्यास्नी लई आवडलं हुतं," रत्नमालाबाई म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या. इतके दिवस त्या रडल्याच नसाव्यात असं ते रडणं होतं. बाहेरचे माग चालूच होते, त्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू गेलं नसेल.

सावरल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी मोजली खुर्ची?"

राजमती चटईची सुटलेली काडी उपसत राहिली.

"ती चहा देणारी? माझ्या पाठीवरनं हात फिरवत हुती ती?"

"तिला आठवत नाही. खरंच आठवत नाही. आमच्याकडे एक शिक्षण असतं, त्यात चूक दुरुस्त होते आणि..." ढेपेची उपमा तिच्या तोंडापर्यंत आली आणि तिनं ती गिळली. "तिनं आधी मला सांगितलं होतं. रडून. तुमच्याकडे यायला तयार झाली होती. तिच्या जागी मला काय बोलायचं ते बोला. तक्रार करायची असेल तर मी लिहून देते, सही करते."

"तक्रारीचं पोराला इचारते. तुमी आधी त्याला फोन लावा, हेच सांगा. तुमच्या तोंडानं." मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् त्या पोरीला बी सांगा."

"ती मोडून पडेल."

"मला काय तिला मोडायची हौस हाय? अवं, तिला ठावंच न्हाई तर म्या माफ कुणाला करू? भिताडाला?"

राजमतीनं पुण्याला फोन लावला आणि मुलाला सगळं सांगितलं. पलीकडे तो आधी ओरडला, मग म्हणाला, "आईला द्या." रत्नमालाबाईंनी फोन कानाला लावला. नुसतं "व्हय... व्हय रं" एवढंच म्हणत राहिल्या.

फोन ठेवून त्यांनी समोरचं भरलेलं भांडं पाहिलं, खिडकीबाहेरचा अंधार पाहिला. "तुमी जैनाच्या. दिवस बुडाल्यावर घेत न्हाई, व्हय ना? ध्यानातच न्हाई आलं माझ्या."

आणि त्यांनी ते भांडं उचलून स्वतःच्या तोंडाला लावलं. सगळं प्यायल्या. तांब्यातलं आणखी ओतून घेतलं.

सकाळी निखिल पट्टी घेऊन तयार होता.

"मी बसणार नाही," राजमती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुढे झुकावं लागलं. "काल मी वाघमोड्यांकडे जाऊन सांगून आले. सगळं."

त्यानं डोळे मिटले, उघडले. "काय सांगून आलात? त्या केसमध्ये काही चूक नव्हती."

"नव्हतीच, तुला आठवतं तसं. तू चांगला शिकवतोस निखिल. मला शिकव. पट्टीशिवाय. शंभरदा करून घे, हात दुखेपर्यंत करून घे. पण चूक माझ्याजवळ राहू दे."

"परवान्याचं नूतनीकरण होणार नाही अक्का. मला वर कळवावं लागेल."

"कळव."

मग तिनं ऋतुजाला हाक मारली. केंद्रानंच जालिंदरना दिलेली, आता कोपऱ्यात पडलेली जुनी खुर्ची आणि ती हिरव्या सीटची नवी, दोन्ही काट्यापाशी आणायला सांगितल्या.

"जुनी चढव."

ऋतुजानं चढवली, आकडा म्हटला.

"आता नवी."

ऋतुजानं नवी चढवली. आकडा वाचून ती म्हणाली, "तीन किलोचा फरक आहे हो अक्का! कुणी बघितलं नाही तर पेशंट मरेल एखादा."

"गेला," राजमती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. पाण्याची खोली, पंपाचा आवाज, भिंतीला टेकून खाली बसलेली मुलगी, तिनं वापरलेले शब्द. काही वाढवलं नाही, काही मऊ केलं नाही.

ऋतुजा ऐकता ऐकता मान हलवत राहिली. "नाही अक्का. मी मोजली होती. मला दिसतंय डोळ्यांपुढे. हिरवी सीट, रिकामी, काट्यावर..."

"ती तू सत्रात मोजलीस."

"मला आठवत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून मी आठवतेय. तू नुसतं ऐक."

ऋतुजानं काट्याचा दांडा धरला. ती आत कुठेतरी शोधत होती, आणि तिला काही सापडत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रडूही येत नव्हतं. जे आपलं वाटत नाही त्याचं रडू कसं येणार?

मग अचानक तिचा चेहरा बदलला.

"अक्का. काल. काल काकू आल्या होत्या." तिनं दांडा सोडला. "मी त्यांना म्हटलं, स्वतःला माफ करा. मी म्हटलं. चूक माणसाच्याच हातून होते म्हटलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवून."

"हो."

"ते आठवतंय मला. ते मीच बोलले."

दारात निखिल उभा होता. कधी आला ते कळलं नव्हतं. सवयीनं त्याच्या हातात पट्टी होती. "ऋतुजा," तो हळू म्हणाला, "हे ताजं आहे. पाहिजे असेल तर आत्ता लगेच..."

ऋतुजानं पट्टीकडे पाहिलं. नकळत तिचा हात कानामागे गेला, वळ उठला होता तिथे, आणि तिथेच थांबला.

"नको सर," ती म्हणाली. "एवढं एकच आहे माझ्याकडे."

तिनं ॲप्रन काढून त्याची घडी केली आणि तो नव्या खुर्चीच्या सीटवर ठेवला. "अक्का, इचलकरंजीची गाडी किती वेळानं असते?"

"असते सारखी. थांब, मी येते."

"शेजारी बसाल ना?"

"बसेन," राजमती म्हणाली, आणि पिशवी घ्यायला वळली.